अनुभवाची उलटतपासणी: एक प्रस्तावना

अनुभव ही गोष्ट आपल्या समाजात इतक्या निर्विवाद आदरास पात्र ठरलेली आहे की, वैद्याच्या, वकिलाच्या किंवा गवंड्याच्या नावापुढे तीस वर्षांचा उल्लेख आला म्हणजे त्या तीस वर्षांत नेमके काय घडले ह्याची विचारपूस करण्याचे कोणास सुचत नाही. आणि ती कोणी केलीच, तर त्या माणसाचा उपमर्द केल्यासारखे मानले जाते. पुढील पानांचा विषय ही विचारपूसच आहे. फरक इतकाच की, ती येथे तिऱ्हाइताने करावयाची नसून, ज्याच्या गाठी तो अनुभव आहे त्याने स्वतःपाशीच करावयाची आहे. भौतिकोपचार, म्हणजे रोजच्या बोलण्यात आपण ज्यास फिजिओथेरपी म्हणतो त्या व्यवसायात, वर्षानुवर्षे मुरलेली माणसे आपल्या कामाचे मनन कशी करतात, ते मनन त्यांच्या हातांपर्यंत कसे पोचते आणि ते थांबले असता काय होते, हा ह्या विषयाचा थोडक्यात विस्तार होय.

विषय प्रथमदर्शनी काहीसा विचित्र वाटण्याचा संभव आहे. मनन हे तत्त्वचिंतकाचे किंवा साधकाचे काम. ज्याचा सारा दिवस आखडलेले गुडघे वाकविण्यात, लुळ्या हातांना आधार देण्यात आणि दम लागलेल्या छातीवर तळवा ठेवून श्वासाची लय मोजण्यात जातो, त्याचा मननाशी संबंध काय, अशी शंका सुज्ञ वाचकासही यावी. ह्या शंकेचे अर्धे उत्तर ह्या व्यवसायाच्या इतिहासातच आहे. १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी मर्दनाचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेल्या स्त्रियांची एक संस्था काढली. १९२० साली तिला राजसनद मिळाली आणि तीच पुढे ब्रिटनमधील भौतिकोपचारतज्ज्ञांची प्रातिनिधिक संस्था बनली. तिच्या जन्मकाळी मर्दनाच्या नावाखाली चाललेल्या गैरप्रकारांचा लंडनमध्ये बराच बभ्रा झालेला होता. सबब, डॉक्टरांच्या आदेशावाचून कोणावरही उपचार करावयाचा नाही, असा दंडक संस्थेने आपल्या सभासदांना आरंभीच घालून दिला. अब्रू राखण्यासाठी ही तजवीज आवश्यक होती ह्यात संशय नाही; परंतु तिचा परिणाम असा झाला की, काय करावयाचे हे चिठ्ठीवर लिहून येई आणि हातांनी ते बजावावयाचे, एवढेच काम दीर्घकाळ शिल्लक राहिले. आपल्याकडेही मुंबईत पोलिओच्या साथीनंतर, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, १९५३ साली के. ई. एम. रुग्णालयात ह्या शिक्षणाची पहिली शाळा निघाली आणि १९५५ साली हाजी अलीजवळची अखिल भारतीय संस्था उभी राहिली, तेव्हा ‘अमुक भागास शेक, अमुक व्यायाम, दहा दिवस’ अशा धाटणीची चिठ्ठी हाच ह्या कामाचा परवाना होता. हुकमाची तामिली करणाऱ्यास मननाची गरज अल्पच भासते. कारण फळ आले नाही तर दोष हुकमाकडे ढकलण्याची सोय असते. ऑस्ट्रेलियातील व्यावसायिकांनी १९७६ साली हे बंधन आपल्या नियमांतून काढून टाकले, पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये सरकारी परिपत्रकाने उपचार ठरविण्याची मुखत्यारी भौतिकोपचारतज्ज्ञाकडे आली, आणि ती सोय संपली. निर्णय आपला, म्हणून चूकही आपली, ही अवस्था आल्यावर मनन हा चैनीचा भाग उरला नाही.

उरलेले अर्धे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि ते ह्या दुखण्यांच्या स्वभावात आहे. आपण अनुभवास गुरू म्हणतो. परंतु भौतिकोपचाराच्या दालनात तो गुरूपेक्षा साक्षीदारच अधिक आहे, आणि साक्षीदारही असा की, जो बोलतो ते आत्मविश्वासाने, पण पाहिलेले अर्धेच असते. चेहऱ्याच्या एका बाजूचा अर्धांगवायू, ज्यास बेलचा पक्षाघात म्हणतात, त्याचे उदाहरण घ्या. सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या कोपऱ्यातून ओघळले, आरशात पाहिले तो तोंड वाकडे, डोळा मिटत नाही, अशा भेदरलेल्या अवस्थेत माणूस येतो. त्याला विद्युत्‌उत्तेजन दिले जाते, आरशासमोर बसवून भुवई उचलण्याचे, गाल फुगविण्याचे व्यायाम शिकविले जातात, आणि काही आठवड्यांत चेहरा पूर्ववत होतो. असे पन्नास चेहरे सरळ झालेले ज्याने पाहिले, त्याच्या मनात त्या यंत्राविषयी भक्तिभाव उत्पन्न झाला तर त्यास दोष कसा द्यावा? परंतु कोपनहेगन येथे पीटरसन नामक वैद्यकतज्ज्ञाने अशा १,७०१ रुग्णांचा कोणताही उपचार न करता दीर्घकाळ मागोवा घेतला आणि २००२ साली जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात शेकडा ७१ जणांचा चेहरा आपोआप पूर्ण बरा झालेला होता. म्हणजे त्या पन्नासांतील पस्तीस जण यंत्र बंद पडलेले असते तरी बरे होणारच होते. उत्तेजन देणाऱ्याने जे पाहिले ते खोटे नव्हते. त्याने त्यावरून जो निकाल दिला तो मात्र पुराव्याबाहेरचा होता. आखडलेला खांदा, अचानक धरलेली कंबर, मानेची उसण ही सारी मंडळी थोड्याफार फरकाने ह्याच जातीची. काळ हा त्यांचा मुख्य वैद्य, आणि आपण त्याच्या शेजारी उभे असल्यामुळे नमस्कार आपल्याला मिळतो.

ह्याहूनही सूक्ष्म असा एक फसवणुकीचा प्रकार हजेरीपटात दडलेला असतो. ज्याचे दुखणे थांबले तो चौथ्या दिवसापासून येईनासा होतो. ज्याचे तिळमात्रही हलले नाही तोही चौथ्या दिवसापासून येईनासा होतो. पटावर दोघांच्या नावांपुढे सारखीच रिकामी घरे दिसतात. मनुष्यस्वभावच असा की, त्या रिकाम्या घरांचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावतो, आणि वर्षाअखेरीस जो ताळेबंद मनात तयार होतो त्यात जमेच्या बाजूस सारी न आलेली माणसे आणि खर्चाच्या बाजूस फार तर दोन भांडखोर रुग्ण! शिवाय आपल्याकडील रुग्ण स्वभावतःच भिडस्त. ‘कसं वाटतंय आजी?’ ह्या प्रश्नावर ‘बरंय की, तुमच्या हाताला गुण आहे हो’ असे म्हणणाऱ्या आजींच्या मनात दुखण्याची हकीकत नसून, समोरच्या पोरीने एवढी मेहनत घेतली तर तिला नाउमेद कसे करावे, ही कणव असते. हे तीन दोष एकत्र आले, म्हणजे वीस वर्षांचा अनुभव हा वीस वेळा गिरविलेला एकच धडा होऊन बसण्यास कोणतीही आडकाठी राहत नाही.

ही नुसती तर्कटे नव्हेत. डॉक्टरांच्या बाबतीत, सेवेची वर्षे आणि कामाचा दर्जा ह्यांचा संबंध तपासणारी ६२ मूल्यमापने एकत्र करून २००५ साली जो आढावा घेतला गेला, त्यात निम्म्याहून अधिक ठिकाणी वर्षे वाढतील तसा दर्जा उतरत गेल्याचे आढळून आले. भौतिकोपचाराच्या क्षेत्रात अमेरिकेतील लिंडा रेझ्निक ह्यांनी २००३ साली आपल्या सहकाऱ्यांसह एक वेगळी वाट धरली. तज्ज्ञ कोण हे कीर्तीवरून न ठरविता, कंबरदुखीचे रुग्ण प्रत्यक्षात किती सुधारले ह्यावरून ठरविले. तेव्हा ज्यांचे रुग्ण सर्वाधिक सुधारले अशांमध्ये आणि सामान्यांमध्ये अनुभवाच्या वर्षांचा म्हणण्यासारखा फरक निघालाच नाही. फरक निघाला तो रुग्णाला निर्णयात सामील करून घेण्यात आणि स्वतःच्या विचाराकडे वळून पाहण्याच्या सवयीत. ज्येष्ठतेच्या यादीवर बढत्या देणाऱ्या आपल्या खात्यांना हा निष्कर्ष रुचणार नाही, पण त्याला इलाज नाही.

तथापि अनुभव निरुपयोगी आहे असा ह्याचा अर्थ कोणी घेऊ नये. साक्षीदार अविश्वसनीय आहे म्हणून खटलाच काढून टाकावयाचा नसतो. त्याची उलटतपासणी करावयाची असते. ती कशी होते ह्याचे एक उदाहरण ह्या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, आणि माझ्या मते ते जितके सांगितले जाते तितके समजून घेतले जात नाही. १९५६ साली न्यूझीलंडमधील वेलिंग्टन शहरी रॉबिन मॅकेन्झी नावाच्या तरुण भौतिकोपचारतज्ज्ञाकडे एक गृहस्थ येत असत, ज्यांचा उल्लेख मॅकेन्झींनी पुढे नेहमी ‘स्मिथ’ म्हणून केला. कंबरेच्या उजव्या बाजूस निघालेली कळ नितंबातून मांडीमार्गे गुडघ्यापर्यंत उतरे. पुढे वाकता येई, मागे वाकवत नसे. तीन आठवडे उपचार होऊनही उतार नव्हता. एके दिवशी त्यांना आत जाऊन मंचकावर पालथे पडण्यास सांगण्यात आले. मंचकाचे डोक्याकडील टोक आधीच्या रुग्णासाठी वर उचललेले होते, ते तसेच राहिले होते. स्मिथ त्या चढावर छाती टेकून, कंबर खोल मागे मोडलेल्या अवस्थेत, पाचदहा मिनिटे पडून राहिले, आणि दुसरीकडे गुंतलेले मॅकेन्झी परत येऊन पाहतात तो घाबरण्यासारखेच दृश्य. कारण त्या काळी कंबर अशी मागे मोडणे अपायकारक समजले जाई. विचारता स्मिथ म्हणाले की, तीन आठवड्यांत इतके बरे कधी वाटले नव्हते. पायातील कळ पार गेली होती, आणि कंबरेतील दुखणे उजवीकडून सरकून मधोमध आले होते.

येथपर्यंतची कथा म्हणजे एक सुखद अपघात. असे अपघात प्रत्येक दवाखान्यात घडतात आणि ‘नशीब, काही बिघडले नाही’ एवढ्या उद्गारावर विसरले जातात. मॅकेन्झींनी दुसऱ्या दिवशी जाणूनबुजून स्मिथना पुन्हा त्याच स्थितीत ठेवले, आणि राहिलेले मधले दुखणेही गेले. मग त्यांनी स्वतःला विचारलेला प्रश्न लक्षात घेण्याजोगा आहे: दुखणे कमी झाले हे खरे, पण ते जाताना पायातून कंबरेकडे का सरकले, आणि इतर कोणाच्या बाबतीत ते असेच सरकते काय? पुढे वर्षानुवर्षे प्रत्येक रुग्णाला दोन्ही दिशांना पुन:पुन्हा वाकवून, दुखण्याच्या जागेचा माग त्यांनी ठेवला. काहींचे मागे वाकण्याने मधे येई, काहींचे त्यानेच पायात उतरे. आणि १९८१ साली ह्या निरीक्षणांचा ग्रंथ झाला. त्यांच्या पद्धतीविषयी आज मतभेद आहेत, तिच्या अनुयायांचा अभिनिवेश कधी कधी असह्यही होतो, परंतु आपल्या शिकवणुकीच्या विरुद्ध घडलेली एक गोष्ट डोळ्यांआड न करता तिला रीतसर पुन्हा बोलावून तिची जबानी घेणे, हे जे त्यांनी केले, त्याहून मननाचा अधिक चांगला दाखला मला ठाऊक नाही.

बर्टा बोबाथ ह्यांची हकीकत ह्याहून निराळी आणि एका परीने अधिक कठीण. मूळच्या बर्लिनच्या, व्यायामशिक्षिका, ज्यू म्हणून परागंदा होऊन लंडनला आलेल्या ह्या बाईंनी १९४० नंतरच्या दशकात पक्षाघात झालेल्या एका प्रसिद्ध चित्रकारावर उपचार करताना पाहिले की, कायमचा ताठर समजला जाणारा हात विशिष्ट स्थितीत ठेवला असता सैल होतो. त्या काळचा शिरस्ता धडधाकट बाजू बळकट करून भागवून घेण्याचा होता. बोबाथबाईंनी आजारी बाजूचा नाद सोडला नाही. त्यांचे पती कारेल हे वैद्यक जाणणारे. बाईंच्या हातांना जे कळे त्याचा अर्थ मज्जाशास्त्रात शोधण्याचे काम त्यांचे. पुढील चार दशकांत ह्या दांपत्याने आपली पद्धत स्वतःच इतक्या वेळा मोडून पुन्हा बांधली की, आरंभी रुग्णाला ठरावीक स्थितींत निश्चल ठेवण्यावर जो भर होता तो त्यांनीच अपुरा ठरविला आणि रुग्णाच्या स्वतःच्या हालचालीस अग्रस्थान दिले. जगभर शिष्यशाखा पसरल्यावर, आपल्या नावाने चालणारी गोष्ट आपणच चुकीची म्हणावयाची, ह्याला लागणारे धैर्य थोड्यांपाशी असते. पुढील काळच्या परीक्षणांत ही पद्धत इतर पद्धतींहून श्रेष्ठ असल्याचे सिद्ध झाले नाही, हेही येथेच नमूद केले पाहिजे. आणि बोबाथबाई हयात असत्या तर त्यांनी तो निकाल, बहुतेक शिष्यांपेक्षा अधिक शांतपणे ऐकून घेतला असता, असा माझा कयास आहे.

हे सारे करणाऱ्यांपाशी मननाचे शास्त्र म्हणून काही नव्हते. ते शास्त्र मागाहून आले. ज्यांच्या हाताखाली कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले, त्या जॉन ड्यूई ह्यांनी १९१० साली विचार करण्याच्या क्रियेवर जे पुस्तक लिहिले, त्याचा गाभा असा की, खरा विचार अडचणीतून, संभ्रमातून जन्मास येतो. सारे सुरळीत चालले असता आपण विचार करीत नसतो, सवय चालवीत असतो. ड्यूईंवरच प्रबंध लिहिलेल्या डोनाल्ड शॉन ह्यांनी १९८३ साली वास्तुरचनाकार, अभियंते, मानसोपचारतज्ज्ञ अशा व्यावसायिकांचे निरीक्षण करून त्या विचारास व्यवसायाच्या अंगणात आणले, आणि काम चालू असताना हातांतच होणारे मनन आणि काम संपल्यावर निवांत होणारे मनन असे दोन भाग पाडले. विद्वानांत ह्या विभागणीवर पुष्कळ खल झालेला आहे. त्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. पहिला प्रकार डोळ्यांनी दिसतो, म्हणून तोच दाखवितो.

पक्षाघात झालेला एक साठीचा पुरुष खुर्चीतून उठण्याचा प्रयत्न करीत आहे. नवखा उपचारक त्याच्या काखेत हात घालतो आणि ‘उठा, जोर लावा’ म्हणतो. रुग्ण मागे रेलून जोर लावतो, धडका पाय पुढे सटकतो, आणि दोघेही घामाघूम होतात. अनुभवी बाई बाजूला स्टूल घेऊन बसतात, एक तळवा त्याच्या आजारी गुडघ्यावर, दुसरा कंबरेच्या हाडापाशी. पहिला प्रयत्न फसतो. त्या काहीच बोलत नाहीत. आजारी पाऊल गुडघ्याच्या मागे चार बोटे सरकवितात. दुसऱ्या प्रयत्नात टाच उचलते, म्हणजे पोटरी ताठरली. पाऊल बोटभर पुढे घेऊन त्या खुर्चीवर घडी घातलेली चादर ठेवतात, बैठक तेवढी उंच होते. तिसऱ्या वेळी ‘उठा’ हा शब्दच त्या टाळतात आणि समोरच्या मेजाची कड दाखवून म्हणतात, ‘काका, तिथवर हात पोचतो का बघा बरं.’ काका पुढे झुकतात, नाक पावलांच्या पुढे जाते, आणि ढुंगण आपसूक खुर्चीवरून सुटते. ह्या दोन मिनिटांत पाऊल, पोटरी, बैठकीची उंची आणि भीती ह्यांविषयी चार अनुमाने बांधली गेली, त्यांतले एक फेटाळले गेले. आणि बाईंना विचारले तर त्या बहुधा म्हणतील, ‘विशेष काही केलं नाही हो, जरा बसवणं बदललं.’

हे ‘विशेष काही नाही’ म्हणणेच खरी अडचण आहे. हातांना आलेले ज्ञान जिभेपर्यंत येत नाही, तोवर ते दुसऱ्यास देता येत नाही आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तपासताही येत नाही. अॅडिलेडचे जेफ्री मेटलंड ह्यांची थोरवी ह्यासाठी की, त्यांनी ही तपासणी उपचाराच्या चौकटीतच ओवून टाकली. १९६४ साली कण्याच्या हाताळणीवर त्यांचा ग्रंथ निघाला. त्यातील हस्तकौशल्याच्या तपशिलांवर पुढे कितीही टीका झाली असली तरी त्यांचा एक नियम अबाधित राहिला. रुग्णाची जी हालचाल दुखते ती आरंभी करून पाहावी, कागदावर तिच्यापुढे तारांकन करावे, एक उपचार करावा, आणि लगेच तीच हालचाल पुन्हा पाहावी. फरक पडला नसेल तर, शास्त्र काहीही सांगो, आपला अंदाज त्या रुग्णापुरता चुकला असे समजावे. अनुभवी माणसाच्या घमेंडीवर दर दहा मिनिटांनी बसणारा असा अंकुश दुसऱ्या फार थोड्या व्यवसायांत आढळेल. मेटलंडांचे म्हणणे असे की, रुग्णाची प्रत्यक्ष लक्षणे आणि पुस्तकी उपपत्ती ह्यांचा मेळ बसेना तर लक्षणांचा मान आधी ठेवावा. ऐकावयास सोपे, पण ज्याने वीस वर्षे एक उपपत्ती विद्यार्थ्यांना शिकविली आहे त्याने ते आचरून पाहावे.

अमेरिकेत गेल जेन्सेन, जॅन ग्वायर, लॉरिटा हॅक आणि कॅथरीन शेपर्ड ह्या चौघींनी, समव्यावसायिकांनी निर्विवाद तज्ज्ञ म्हणून नावाजलेल्या १२ भौतिकोपचारतज्ज्ञांच्या सोबत राहून, त्यांचे काम पाहून, त्यांच्या दीर्घ मुलाखती घेऊन १९९९ आणि २००० साली जे लिहिले ते ह्या विषयाचा पायाच मानले जाते. बालरुग्ण, वृद्ध, मज्जाविकार आणि अस्थिविकार अशा भिन्न क्षेत्रांतील ही माणसे. तरी चौघींना त्यांच्यात एक समान धागा आढळला. त्यांचे ज्ञान ग्रंथांतून आले होते तसेच रुग्णांकडूनही आले होते, आणि ते तेथवर पोचले होते मननाच्या वाटेने. त्यांचे विचार रुग्णाला बाजूस ठेवून नव्हे तर त्याच्याशी बोलत चालत. हालचाल हा त्यांच्या नजरेचा केंद्रबिंदू होता. आणि ह्या सर्वांच्या मुळाशी रुग्णाविषयीची एक आस्था, जिला सद्गुण म्हणण्यास त्या लेखिका कचरल्या नाहीत. शास्त्रीय ग्रंथात सद्गुणाचे नाव काढणे आजकाल गावंढळपणाचे समजतात. पण रुग्णाविषयी आस्था नसेल, तर आपण चुकलो की काय हे जाणण्याची उत्सुकता येणार कोठून? चुकीची झळ ज्याला लागते तो आपला कोणी नसेल, तर चूक ही फक्त प्रतिष्ठेची बाब उरते, आणि प्रतिष्ठेचे रक्षण करण्यास मननापेक्षा मखलाशी अधिक उपयोगी.

आता आपल्याकडे वळू. सरकारी वा पालिकेच्या रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात सकाळी दहाच्या सुमारास उभे राहून पाहिले तर मननाची गोष्ट काढण्याचीही लाज वाटावी. बाकावर दाटी, हातात केसपेपर, एका पडद्याआड ट्रॅक्शन चालू, दुसऱ्या पडद्याआड आय.एफ.टी. ह्या विद्युत्‌उपचाराचे पॅड चिकटविलेले, आणि मधूनच आवाज, ‘मॅडम, आज शेक नाही का देणार?’ यंत्र लागले म्हणजे उपचार झाला आणि नुसता व्यायाम सांगितला म्हणजे बोळवण केली, हा समज रुग्णांत दृढ आहे. तो त्यांना कोणी शिकविला, ह्याचे उत्तर मात्र व्यवसायाने आरशात पाहूनच द्यावे लागेल. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो ह्यांनी २०३ रुग्णांवर प्रयोग करून दाखविले की, कंबरदुखीत दोन दिवसांचे अंथरूण सात दिवसांच्या अंथरुणाइतकेच गुणकारी आणि कामावर परतण्याच्या दृष्टीने सरस. तरी ‘पूर्ण विश्रांती’ हा शेरा आपल्या केसपेपरांवरून अजून पुरता पुसला गेलेला नाही. सवयीला शास्त्राची वार्ता उशिराच लागते, आणि गर्दी ही सवयीची सख्खी बहीण.

तरीही ह्याच गर्दीत काही जण वेगळे वागताना दिसतात. आखडलेला खांदा घेऊन आलेल्या बाईंचा हात कोनमापकावर १२० अंश वर गेला की नोंदवहीत सुधारणा झाली. पण तेवढ्यावर न थांबता जी विचारते, ‘मावशी, दोरीवर कपडे वाळत घालता येतात का? मागे हात नेऊन पदर खोचता येतो का?’, आणि ‘नाही गं, पदर अजून सूनच खोचते’ हे उत्तर त्या १२०च्या शेजारी लिहून ठेवते, तिने पुढच्या महिन्यातील मननासाठी सामग्री साठविली. ठणका, चमक, कळ, मुंग्या, रग ही रुग्णाने सांगितलेली निरनिराळी गाऱ्हाणी केसपेपरावर एकाच ‘पेन’मध्ये बुडवून टाकली, की मागे वळून पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मनन हे आठवणीवर चालत नाही. आठवण आपल्याच बाजूची वकिली करते. त्याला त्या त्या दिवशी, निकाल कळण्यापूर्वी लिहिलेला मजकूर लागतो: ‘मला वाटते दोन आठवड्यांत जिना उतरता येईल’ असे आज लिहिले तरच दोन आठवड्यांनी त्याची रुजुवात घेता येते.

येथे एका नव्या संकटाचा उल्लेख केलाच पाहिजे. मननाचे महत्त्व मान्य झाल्याबरोबर त्याचा छापील नमुना निघाला. ग्रॅहम गिब्ज ह्यांनी १९८८ साली अनुभवातून शिकण्याचे सहा टप्प्यांचे जे चक्र मांडले, ते मुळात शिक्षकांच्या सोयीसाठी होते. आज ते अनेक अभ्यासक्रमांत रकाने भरण्याचा वार्षिक विधी होऊन बसले आहे. ब्रिटनमध्ये दर दोन वर्षांनी, नोंदणीचे नूतनीकरण करताना, काही व्यावसायिकांना निवडून त्यांच्याकडून अखंड शिक्षणाचा पुरावा मागितला जातो. हेतू चांगला, पण मनन दप्तरात दाखल करावयाचे म्हटले की ते लिहिणारा मनाशी बोलण्याऐवजी तपासनिसाशी बोलू लागतो, आणि अशा लिखाणात प्रत्येक प्रसंग शेवटी लेखकाच्या समंजसपणावरच येऊन थांबतो. ‘मला कसे वाटले’ ह्या रकान्यात ‘सुरुवातीस चिंता, नंतर आत्मविश्वास’ असे लिहिलेल्या वह्यांच्या वह्या कोणत्याही महाविद्यालयात मिळतील. त्या लिहिणाऱ्या मुलांना दोष नाही, त्यांनी परीक्षकाला ओळखले एवढेच. अनुभवी माणसाचे मनन हे पुष्कळदा एकट्याने होतही नाही. दुपारच्या डब्याच्या वेळी ‘तो गुडघ्याचा पेशंट माझ्याच्याने वाकतच नाही, तू एकदा हात लावून बघतेस का?’ असे सहकारिणीला विचारणे, ह्यात कबुली आहे, परीक्षा आहे आणि शिक्षणही आहे. मात्र हे विचारण्यास ज्येष्ठांनी सुरुवात करावी लागते, कारण कनिष्ठाने विचारले तर ते अज्ञान ठरते. ज्या विभागात प्रमुखच हा प्रश्न कधी विचारीत नाहीत, तेथे नमुन्यांची कितीही पाने भरली तरी काही होणार नाही.

आणि जे येत नाहीत त्यांचे काय? वर ज्या रिकाम्या घरांचा उल्लेख केला त्यांवर उपाय अगदी साधा आहे, खर्चाचा नाही, फक्त तसदीचा आहे. महिन्याच्या अखेरीस हजेरीपट समोर घेऊन, चौथ्या-पाचव्या दिवसानंतर ज्यांची नावे थांबली त्यांपैकी तिघाचौघांना दूरध्वनी करावा, आणि रागावल्याचा सूर न लावता विचारावे की, का बरे आला नाहीत. एखादा सांगेल की, दुखणे तिसऱ्याच दिवशी थांबले, उगाच खाडा कशाला. एखादा म्हणेल की, रिक्षाला जाऊन-येऊन जे पडतात ते रोजीतून निघत नाहीत. आणि एखादी बाई पुष्कळ आढेवेढे घेऊन म्हणेल की, तुम्ही सांगितलेले व्यायाम पलंगावर निजून करावयाचे होते. आमच्या खोलीत पलंग एकच, त्यावर सासरे असतात, आणि जमिनीवर बसले तर गुडघ्यामुळे उठता येत नाही. ज्या विभागात असे तीन दूरध्वनी एकदा झाले, तेथे पहिल्याच दिवशीच्या तपासणीत ‘घरी निजता कुठे?’ हा प्रश्न कोणी न सांगता दाखल होतो, आणि उभ्याने, ओट्याला धरून करावयाच्या व्यायामांचा एक वेगळा कागद तयार होतो.